दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी

फाल्गुनात चांदवडहून थोरल्या बहिणीचा फोन आला. काचबिंदूने तिचा एक डोळा आधीच गेला होता.

"दुसराही धुरकटतोय रे. दिसतंय तोवर एकदा आपलं नाशिक फिरव मला."

आम्ही दोघं गोदाकाठीच वाढलो. मी म्हणालो, "ताई, कांदा काढणीच्या गडबडीत कशाला? साठवणीच्या चाळीत पडू दे, मग निवांत ये." माझी कामं अशी क्रमानेच चालतात.

कांदा चाळीत पडला. मग तिच्या सासरच्या भावकीत लग्न निघालं. ताई आली ती आषाढात.

मी सुट्टी काढली, दिवसभराची रिक्षा ठरवली. लेण्यांच्या पायथ्याशी उभं राहून सांगितलं, ही सातवाहनांच्या वेळची, दोन हजार वर्षांची. मोगलांनी गावाचं नाव गुलशनाबाद केलं. काळ्या दगडाचं देऊळ पेशवाईतलं, नदीवरचा जुना पूल इंग्रजांचा. ताई माझा दंड धरून जागोजाग "दिसलं, दिसलं" म्हणत होती. पुलावर मात्र हसली.

"एवढी राज्यं बुडाली, तुझे आकडे काय बुडत नाय. मास्तर झाला असतास तर पोरं शाळा सोडून पळाली असती."

शेवटी पंचवटीच्या घाटावर टेकलो. समोर नदीपात्रात उभा उंच दुतोंड्या मारुती. नाशिककर पूर त्याच्यावरच मोजतात: गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. लहानपणी ताई धावत जाऊन पाहून यायची आणि मी वहीत लिहायचो. त्याच सवयीने विचारलं, "ताई, कुठवर आलंय पाणी?"

तिने थोडा वेळ मान तिकडे धरली. "कमरेला असंल."

यंदा पाऊस लांबला होता. पाणी मारुतीच्या पावलांनाही लागलं नव्हतं.

चुकीचा आकडा माझ्या तोंडून निघत नाही. तरी म्हणालो, "हो. कमरेलाच."

तिने चपलेतून पाय काढून खालची पायरी चाचपली. कोरडी होती.

"कमरेला असतं तर आपण इथं बसलो असतो व्हय?"

मी विचारलं, "केव्हापासून दिसत नाही?"

"चाळ भरली त्याच आठवड्यात."

"मग दिवसभर फिरलीस कशाला?"

"तू सुट्टी काढली होतीस ना." मग म्हणाली, "आता खरं सांग. कुठं हाय पाणी?"

मी उठून खाली गेलो, मोजत वर आलो. पाणी आमच्यापासून सहा पायऱ्या खाली होतं. तसं तिला सांगितलं.