पाच अब्ज म्हणजे किती

माझ्या भावाची मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे. तिला वर्गात कुणीतरी सांगितलं, की पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून पृथ्वीला गिळणार. रविवारी सकाळी मी कर्वेनगरला भावाकडे गेले, तर घरातले सगळे पडदे तिने ओढून घेतले होते. खाली खेळायला जायलाही ती तयार नव्हती. नुसती रडत होती.

मला कुणाची समजूत घालता येत नाही. त्यात मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी आकड्यांत अजूनही अडखळते. मी हळूच विचारलं, "अब्ज म्हणजे नक्की किती गं?"

तिचं रडणं थांबलं. "आत्या, तुला अब्ज माहीत नाही?"

तिने वही काढली, पाचावर शून्यं दिली आणि एकं, दहं, शतं म्हणत मोजायला लागली. काळोखात शून्यं नीट दिसेनात, म्हणून तिनेच पडदा सरकवला. नऊ शून्यं भरली. त्या लांबलचक आकड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"मग खूपच वेळ आहे," ती म्हणाली.

"खूप."

"तोपर्यंत तुलासुद्धा एकोणसत्तर म्हणजे किती ते कळेल," असं म्हणून तिने चपला घातल्या आणि ती खाली पळाली.