शेठनं दिलेली सुट्टी

"आई म्हणजे पुरावा नव्हे हो!" सर म्हणाले.

विद्यापीठात माझ्या प्रबंधावर चर्चा चालू होती. विषय होता मुरबाडकडच्या गवत कापणाऱ्या बायांचा संप. त्यात माझी आई होती. संपाची तारीख विचारल्यावर मी तिचंच उत्तर दिलं, 'भात झोडून झाल्यावर'. सर बाकीच्यांकडे वळले. "यांच्या वाडीत कॅलेंडर पोचलं नव्हतं वाटतं."

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"मालकाची मुलाखत आणा," असं फर्मान निघालं. गेलो मुरबाडला, गवताच्या व्यापाऱ्याकडे. शेठ झोपाळ्यावर, मी खाली पायरीवर.

"संप कसला रे? लेकुरवाळ्या बाया. मीच दया येऊन दुपारची सुट्टी दिली."

मी निमूट लिहून घेतलं. तेच प्रबंधात आणि पुढं त्याच्या पुस्तकात छापलं. शेठचं नाव आदरानं, आणि आई नुसती 'एक निरक्षर मजूर स्त्री'.

खरं काय ते मला तोंडपाठ होतं. तान्ही पोरं बांधावर रडून निळी पडायची, मुकादम पाजायला उठू द्यायचा नाही. मग वैशाखरे गावच्या माळावरच्या, आईसकट नऊ जणींनी आपले विळे नेऊन गावदेवीपुढं ठेवले. देवीपुढचा विळा उचलायची मुकादमाचीही छाती झाली नाही. चौथ्या दिवशी पोरांना पाजायला दुपारची सुट्टी मिळाली.

मी मात्र कामगारांचा इतिहासकार झालो. प्राध्यापकी, हारतुरे. लाज कोळून प्यालो होतो.

यंदा पुस्तकाची दुसरी आवृत्ती ठरली. आई म्हणाली, "माझा संप वाचून दाखव रे." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मनचं काहीही वाचता आलं असतं, तिला कुठं कळणार होतं? तेवढा नीचपणा जमला नाही. होतं तसं वाचलं.

तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले.

"शेठनं दिली? मंग आमी विळे कशाला ठेवले?" माझ्याकडे न बघता पुढं म्हणाली, "त्या सुट्टीत तूच प्यालास ना रे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांना फोन लावला. "ते पान खोटं आहे. मी तसं जाहीर करतोय."

"वेडे आहात का? पदवीवर बोट ठेवतील लोक."

"ठेवू देत."

नऊ जणींपैकी आई धरून तिघी हयात आहेत. आईनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेलीही नाही, तेवढ्यानं भागणार नाही. तिघींच्या दारात बसून त्या सांगतील तसं, नावानिशी लिहीन. शेठची ओळ खोडणार नाही. तिच्याखाली लिहीन: हे खोटं आहे, आणि हे मी छापलं.