काकूंची घळ

अख्ख्या रत्नागिरीत संधिवात कुणाला मानवला असेल, तर तो माझ्या चुलत सासूबाईंना. काकू आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहत. गुडघे आणि बोटं धरली तेव्हा डोंबिवलीच्या मुलाने धोशा लावला, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. दोन खोल्यांत दिवसभर खुर्चीवर बसण्यापेक्षा इथे रांगत राहीन, असं काकूंचं म्हणणं. गणपतीला येईन तेव्हा ठरवू, असं मुलाने कळवलं आणि काकू कंबर कसून तयारीला लागल्या. ती कंबरही अधूनमधून धरतच होती म्हणा.

त्याच सुमारास एका डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संधिवाताच्या मंडळींचा वर्ग सुरू केला होता. काकूंसारखी विद्यार्थिनी त्यांना पुन्हा मिळाली नसेल. खाली बसू नका म्हटल्याबरोबर विळी टेबलावर चढली. काम तोडून तोडून करा म्हटल्यावर एक नारळ सकाळी फुटायचा आणि संध्याकाळी खवला जायचा. हात उंच करू नका, लांब दांड्याची वस्तू वापरा, असं ऐकलं मात्र, काकूंनी आंबे काढायची घळ काढली. काठी निम्मी कापली आणि टोकाच्या जाळीतून दोरीवरचे कपडे, फळीवरचा पापडांचा डबा, सगळं उतरू लागलं. एकदा माळ्यावरचं मांजरही उतरवलं. ते पुढे आठवडाभर फिरकलं नाही. आपली युक्ती वर्गाला दाखवायला त्या भर श्रावणात रिक्षातून घळ घेऊन निघाल्या. बाहेर आलेलं टोक मी सांभाळत होते आणि रस्ताभर लोक विचारत होते, आता कसले आंबे?

एकाच धड्यात काकू नापास. मदत मागायची सवय व्हावी म्हणून बाई प्रत्येकाला मोठ्याने म्हणायला लावत, 'मला जमत नाही, जरा येता का?' काकू तोंड मिटून बसायच्या. पुढला धडा घ्या म्हणायच्या.

गणपतीला मुलगा आला. काकूंनी त्याला पाटावर बसवून स्वयंपाक केला. सगळं झोकात चाललं होतं. मग भाताचं पातेलं उतरवायची वेळ आली आणि बोटं मिटेनात. मुलगा उठू लागला, तर डोळ्यांनीच त्याला खाली बसवलं. मग घळ खिडकीबाहेर गेली आणि आमच्या कौलांवर टकटक झाली. मी धावत गेले.

"अगो, हे मला उचलवत नाही," काकू म्हणाल्या. "जरा धर."

मी पातेलं उतरवलं. मुलाने विचारलं, "आणि ही घरात नसली तर?"

"नसली तर आसट भात खाईन. तुझ्या डोंबिवलीत काय रोज मोकळा होतो?"

तो हसला, आणि विसर्जनानंतर एकटाच परत गेला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पुढे मात्र त्या टकटकीला ऊत आला. पातेल्यासाठी, बरणीच्या झाकणासाठी, कधी नुसत्या चहासाठी. मी पुष्कळदा वैतागत असे.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली सकाळी माझीही बोटं आखडतात. घळ आमच्या पडवीत आहे, पण शेजारच्या घराला कुलूप आहे. वाऱ्याने कौल वाजलं, की मी अजून गॅस बारीक करून खिडकीशी जाते.