नानीचा राबता

आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जायचे. वर्षातले सहा महिने घराला कुलूप, मग आमच्याकडं येणार कोण? गावातल्या लग्नाची पत्रिकासुद्धा आमच्या दारी येत नसे. मी तेवढी नानीकडं राहायचे. नानी म्हणजे वडिलांची चुलती. आणि या नानीला अख्ख्या जामखेड तालुक्यात अनोळखी घर म्हणून नव्हतं!

लग्न, बारसं, दहावा, काही असो. बोलावण्याची वाट न बघता नानी पदर खोचून हजर. नुसत्या गप्पा मारत बसणाऱ्या बायकांना ती तिथंच ऐकवायची, "चहा पिऊन गेल्यानं राबता होत न्हाई गं बायांनो. राबलं तर राबता!" तिच्या मते तो शब्दच तसा झाला होता. दुसऱ्याच्या घरी राबायचं, की त्या घराशी राबता जडला.

बारावीनंतर नगरच्या कॉलेजात माझं नाव लागलं, पण वसतिगृहात जागा मिळेना. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. औंदा लग्नाचंच बघू." मी रडत बसले. नानी मात्र चपला शोधत होती.

"नगरात एक मास्तरीणबाई हायेत. इथं हुत्या तवा त्यांचं बाळंतपण मीच केलंय. ऊठ!"

बाईंनी दार उघडलं आणि "अगंबाई, नानी!" म्हणून तिला मिठीच मारली. माझं गाऱ्हाणं पुरतं ऐकायच्या आत त्यांनी मागची खोली उघडून दिली. तोवर नानी त्यांच्या स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसलीसुद्धा!

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शब्दकोशात मला 'राबता' सापडला आणि मी उडालेच. मूळ शब्द अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला. अर्थ बंध, जोडणारी गाठ. राबण्याशी त्याचं काही नातंच नाही! शनिवारची एसटी धरली आणि अंगणातूनच ओरडले, "नानी, तुझं चुकलं! राबता राबण्यातनं न्हाई आला, बांधण्यातनं आला!"

नानी ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"व्हय का? अन् बांधायला राबावं लागत न्हाई व्हय गं, शहाणे?"

आज नानी नाही.

बाईंच्या त्या खोलीत तीन वर्षं राहून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.