फोन आडवा झाला

पाठांतर न करता नाटकात मुख्य भूमिका करता येते, हा शोध मला पन्नाशी ओलांडल्यावर लागला. कारखान्यातून घरी आलो की फुकटचे व्हिडिओ बघून मी मोबाइलचं ॲप बनवायला शिकत होतो. शिकलेलं कुठेतरी मिरवायला हवं, आणि हिंदी मुलखातल्या आमच्या पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाचं नाटक जवळ आलं होतं. मी ॲप बनवलं. त्यात माझं एक वाक्य दिसायचं, खाली एक बटण. दाबलं की पुढचं वाक्य. बस्स, एवढंच मला येत होतं.

माझी भूमिका हट्टी बापाची, आरामखुर्चीत पेपर वाचणारा. पेपरच्या आड फोन. नाटकातली बायको माझीच बायको. तालमीत तिने विचारलं, "पाठ झालंय ना?"

"तोंडपाठ," मी म्हणालो.

दोन अंक असे सुरळीत गेले की मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. शेवटच्या प्रवेशात बाप विरघळतो, लांबलचक बोलतो आणि मुलीच्या लग्नाला होकार देतो. त्या भाषणासाठी मी ऐटीत मागे रेललो. पेपर कलला, आतला फोन आडवा झाला, आणि मी भरल्या गळ्याने वाचलं, "अगं, चहा टाकतेस का?"

हे पहिल्या अंकातलं पहिलं वाक्य होतं.

मी अंगठ्याने भराभर बटण दाबत सुटलो. पण दोन अंक ओलांडायचे होते. घाईत हात हलला, फोन पुन्हा कलला, पुन्हा चहा. उठून पळावं तर बाप रुसला असं होऊन लग्नच मोडणार. बसून राहावं तर पडदा पडणार नाही. समोर अख्खी वसाहत. मागच्या रांगेतून आवाज आला, "भाभीजी, पिला दो यार, एक कप की तो बात है."

मुलीचं काम करणारी पोरगी पदरात तोंड लपवून गदगदत होती. रडण्याने नव्हे.

तेवढ्यात बायको खुर्चीमागे आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगला दाबला.

"बाळा, तुझे बाबा काही बोलायचे नाहीत. त्यांच्या मनातलं मी सांगते. ते म्हणतील, तू सायकल शिकलीस तेव्हा मी मागून धरून धावत होतो. तूच म्हणालीस, बाबा, सोडा आता."

माझं भाषण. एकही शब्द न गाळता. ते इतकं चांगलं आहे हे मला तेव्हा कळलं. मग तिने पदरचंही घातलं. "ते म्हणतील, मी कुणाचं ऐकत नाही. पाठ झालंय म्हणून धडधडीत खोटं बोलतो." ती माझ्याकडे वळली. "खरं ना हो?"

"खरं," मी म्हणालो.

"आणि लग्नाला होकार?"

"होकार."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. बायकोने हात पुढे केला, मी निमूट फोन दिला. तिने तो उभा धरला, आडवा धरला.

मी समजावू लागलो, "फोन फिरवला की तो सगळं नव्याने मांडतो. आपण कुठवर आलो होतो ते विसरतो."

"मग त्याला लक्षात ठेवायला सांगायचं ना."

"तो धडा पुढच्या व्हिडिओत आहे."