डोंगरेसाहेबांनी पुन्हा न केलेला नमुना

डोंगरेसाहेबांच्या पायाले भिंगरी होती. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या प्रयोगशाळेचे मोठे साहेब, पण दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर. "काय निघालं वं तारा? अन् कावून निघालं?" त्या 'कावून'चं कारण सांगता सांगता माझं डोकं उठे. पण बापा, एवढ्या शिकलेल्या माणसाले माझ्यासारख्या नव्या पोरीचं उत्तर ऐकायचं राहे, हे काय कमी होतं?

माझा बाप भिलाई-३ ठेसनावर रेल्वेत. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आली, तवा भट्ट्या नव्यानंच पेटल्या होत्या. नमुने विरघळवायच्या अ‍ॅसिडच्या टेबलावर मी एकटीच बाई. भट्टीवरचा फोरमन ओमप्रकाश म्हणे, "लडकी के नंबर पर स्टील नहीं बनता." आफिसवाले मले टायपिंगले बसवायचा घाट घालून राहिले होते. टायपिंगसाठी का शिकली होती मी?

रीत अशी, का नव्या माणसाचा आकडा साहेबांनी सोता करून पाह्यल्याशिवाय भट्टीवर जात नसे; तसाच गेला अन् चुकला, तं नोकरी साहेबांची जाये. एका दुपारी रुळाच्या पोलादाचा नमुना आला. मी केला, तं फॉस्फरस जास्त. असा माल ओतला का रूळ ठिसूळ. अन् भट्टी थांबवून आकडा चुकला, तं माझं टायपिंग पक्कं. भट्टीवरून फोन कोकलून राहिला होता. साहेबांनी नमुन्याच्या उरलेल्या चुऱ्याकडे हात नेला, अन् मागं घेतला. फोन उचलला. "ताराबाई का नंबर है. भट्टी रोको."

"आपने खुद देखा, साब?" ओमप्रकाशचा आवाज मले इथं ऐकू आला.

"नहीं. पूछना है तो बाई से पूछो." अन् फोन माझ्या हातात!

मी म्हणाली, "चूना डालो, फॉस्फरस कटेगा. फिर सैंपल भेजो."

पुढच्या पाळीतल्या विजयकुमारनं तो उरलेला चुरा करून पाह्यला. माझाच आकडा निघाला. टायपिंगचं नाव मंग कोणी काढलं नाही.

मी छाती फुगवून विचारलं, "साहेब, एवढा भरोसा होता माझ्यावर?"

"खाक भरोसा! भेवानं पोट बिघडलं माझं."

"मंग कावून नाही केला पुन्हा?"

"केला असता, तं तो माझा आकडा झाला असता, पोरी."

मले रडू फुटलं, अन् संतापही आला. या माणसानं आपली नोकरी माझ्या हाती देली होती, अन् मले सांगतलंही नव्हतं.