कोंडवाड्याचं फाटक

शकिलाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होते. शेजारणीची ज्वारी दळून होत आली होती. आपाचा मुलगा नांदेडच्या दवाखान्यातून बोलत होता. मी गिरणी बंद केली, बाहेर आले आणि आधी आभाळाकडे पाहिलं. रडू नंतर आलं. पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच... आता कोंडवाड्याचं फाटक कोण बघणार?

फुलसावंगीच्या अलीकडे, नाल्याला लागून आमचं गाव. आपा माझ्या समोर राहायची, बकऱ्या पाळायची. काही वर्षांपूर्वी भर दुपारी नाला गल्लीत शिरला. बोट आली, पण ती माणसांसाठी. आपा बोटीत बसलीच नाही. आपल्या बकऱ्या तिनं चढाकडे हाकलल्या आणि मग गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यातली दावी सोडत निघाली. शेजारचा नामदेव छपरावरून ओरडला, "माही गाय काहून सोडली वो आपा? कोनाच्या सोयाबीनात शिरली तं कोंडवाड्यात जाईन! दंड तू भरशीन काय?" पाणी मांडीपर्यंत आलेलं आणि याला दंडाची काळजी. पण तो एकटाच तसा नव्हता. पाऊस वाढला की आमच्याकडे जनावर सोडत नाहीत, उलट दुहेरी गाठ मारतात. शेवटच्या गोठ्यात म्हैस होती, तिचा मालक बोटीतून गेलेला. भिजून गाठ आवळली होती. आपा कमरेएवढ्या पाण्यात नखांनी ती उकलत होती, मी तिचा हात धरून ओढत होते. "इळा आन मंदे, इळा!" विळा कुठून आणणार? माझं घर पाण्यात होतं. पाणी छातीशी चढलं, म्हशीचं नाक तेवढं वर राहिलं, तेव्हा मी आपाला ओढून नेलं. मागे वळून पाहिलं नाही. रेकणं थांबलं, ते मात्र ऐकलं...

पाणी ओसरल्यावर आपा ग्रामसभेत उभी राहिली. जनावरांना छळू नये असा कायदा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पूर आला तर दावं कुणी सोडायचं, जनावरं न्यायची कुठं, हे गावच्या आराखड्यात कुठेच नव्हतं. तिचं मागणं साधं होतं. पुरात सुटलेल्या जनावराला दंड लावायचा नाही, कुणीही कुणाचं दावं सोडलं तरी भांडायचं नाही. आणि कोंडवाडा चढावर आहे, तर पावसाळाभर त्याला कुलूप नको. नामदेव तेव्हा पंचायतीत निवडून आलेला. तो म्हणाला, "बकऱ्यायले मतदानाचा हक बी देऊन टाका मंग!"

"देला असता तं तू कायले निवडून आला असता?"

सभा हसली आणि ठराव झाला. आपानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून फाटकाला बांधली, एक टोक ओढलं की सुटेल अशी. रोज संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर जाऊन ती ओढून बघायची. मी हसायचे. ती म्हणायची, "तुमचा काई भरोसा नाही मले."

खरंच नव्हता. माती देऊन आठवडा झाला असेल. एका दुपारी पश्चिमेकडून काळं भरून आलं, नाल्याचा आवाज बदलला. मी चढावर गेले तर फाटकाला कुलूप. आत सिमेंटची पोती रचलेली. पंचायतीच्या शिपायाला घरातून उठवून आणलं.

"आपा गेली ना बाई. आता कोन पायते?"

"मी. काढ कुलूप."

पोती हलवायला नामदेवच आला. त्या दिवशी पाणी काठापर्यंत येऊन थांबलं. पुढच्या वेळी थांबेलच असं नाही.

आपाचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. गिरणी बंद केली की मी चढावर जाते. काल पावसानं पट्टी चिंब झाली होती. टोक धरलं, क्षणभर ओढायचा धीर होईना... मग ओढलं. सुटली. पुन्हा तशीच बांधली आणि नाल्याचा आवाज ऐकत घरी आले.